ग्रामसभेचा वनोपज व्यवसाय वाढवताना: कंपनी आधी की हिशेब आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तुमच्या ग्रामसभेने सलग तीन हंगाम तेंदूपान (बिडी वळायचे पान) स्वतः विकले, एकदा बांबूही काढला आणि मजुरीसोबत बोनसही घरोघरी पोचवला. आता आजूबाजूच्या अकरा गावांना सोबत घेऊन उत्पादक कंपनी (माल पिकवणारे किंवा गोळा करणारेच जिचे सभासद असतात अशी कंपनी) काढावी, गोदाम बांधावे आणि बांबूवर प्रक्रिया करणारी यंत्रे बसवावीत, असा आग्रह गावातले तरुण आणि मदत करणारी एक संस्था धरून बसले आहेत. अशा वाढीत नेमक्या अडचणी कोणत्या येतात, हे तुम्ही विचारले आहे. गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांत ग्रामसभांचे हिशेब, करार आणि त्यावरून होणारी भांडणे यांच्यात माझी पंधराएक वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो: एकत्र जरूर या, पण कंपनी सर्वांत शेवटी काढा. भांडवलाची चणचण असतेच. पण मी पाहिलेल्या गावांपैकी बहुतेकांची गाडी भांडवलावर अडली नाही. निर्णय गावाच्या हातून कधी निसटला हे कोणाच्या लक्षात आले नाही, तिथे ती अडली.

हे समजण्यासाठी आपला व्यवसाय कशावर उभा आहे ते पाहावे लागते. किराणा दुकानात आधी धंदा असतो आणि त्यातून मालकाची पत तयार होते. आपल्याकडे आधी हक्क आहे आणि धंदा त्या हक्काच्या पोटातून निघाला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरले, त्यांची मालकी व विक्री ग्रामसभेकडे दिली आणि सोबतच जंगल राखण्याची जबाबदारीही दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक हातात पडायला एप्रिल 2011 उजाडावे लागले, आणि तेही तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. पुढे 2012 च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे स्पष्टपणे आणला. हक्क कागदावर मिळणे आणि बाजारात चालणे यांत केवढे अंतर असते, ते या दोन वर्षांत दिसते. जंगलाचा कारभार वनखात्याच्या हातून गावाच्या हाती येण्याचे हे स्थित्यंतर अजून अर्ध्या वाटेवर आहे. कायदा बदलला, पण बँक, कर, लिलाव आणि ठेकेदार यांच्या सवयी जुन्याच आहेत. तुमची वाढ या अर्धवट बदललेल्या व्यवस्थेत होणार आहे, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

आता फळीवर, म्हणजे तेंदूपानाचे पुडे मोजून घेण्याच्या जागेवर, येऊ. मे महिन्यातली संध्याकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मुद्द्यासाठी ती डोळ्यांसमोर आणा. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी घरी बसून पाने जुळवतात, 70 पानांचा एक पुडा बांधतात आणि सांजेला टोपल्या घेऊन फळीवर येतात. पुडे ओळीने मांडले जातात, मुन्शी काठीने दाखवत शेकड्याने मोजतो, कार्डावर आकडा चढवतो आणि पुडा बारीक आहे, पाने फाटकी आहेत असे म्हणून शेकड्यामागे चार-दोन पुडे बाजूला काढतो. ठेकेदाराच्या काळात हे बाजूला काढलेले पुडे त्याच्याच पोत्यात जात, म्हणजे फुकट. तुमच्या ग्रामसभेने पहिल्याच वर्षी ही काटछाट बंद केली असेल, कारण मुन्शी गावातलाच होता आणि समोर त्याची काकू उभी होती. ज्याला आपण पारदर्शकता म्हणतो ती साठ घरांच्या गावात अशी असते: मोजणारा आणि मोजून घेणारी एकमेकांना ओळखतात, वही एकच असते आणि ती कुठल्या घरात ठेवली आहे हे सर्वांना माहीत असते.

बारा गावे एकत्र आली की ही वही तालुक्याच्या ठिकाणी जाते. तिथे संगणकावर हिशेब ठेवणारा प्रामाणिक मुलगा बसतो, त्याच्याकडून आकडे एकत्रित होऊन येतात, आणि इथूनच संशय सुरू होतो. एका गावगटात मी हे जवळून पाहिले. रक्कम एका पैशानेही कमी नव्हती. पण दोन गावांच्या पानांचा दर्जा चांगला होता, भाव सगळ्यांना सरासरीने मिळाला, आणि हा सरासरीचा निर्णय कोणी घेतला याचे उत्तर कोणत्याही ग्रामसभेच्या ठरावात सापडले नाही. पुढच्या हंगामात ती दोन गावे बाहेर पडली आणि ठेकेदाराने त्यांनाच आधी गाठले. म्हणून हिशेबाचा पहिला नियम असा ठेवा की गावाची मूळ वही गावातच राहील, वर जाईल ती तिची प्रत. आणि हंगाम संपल्यावर वरच्या कार्यालयाचा हिशेब प्रत्येक गावात मोठ्याने वाचला जाईल, तोही ज्या बायांनी पाने तोडली त्या हजर असतील अशा वेळी.

दुसरी अडचण पैशाच्या वेळापत्रकाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी, एप्रिलअखेर ते मे या दोन-तीन आठवड्यांत तोडणी, मग वाळवण, पोती भरणे आणि पाऊस पडण्यापूर्वी माल हलवणे, असा सगळा खेळ थोडक्या दिवसांत उरकतो. छाटणीची मजुरी आधी द्यावी लागते, तोडणीची मजुरी आठवड्याला मागितली जाते, आणि ग्रामसभेकडे तारण ठेवायला काही नसते. जंगल तिचे आहे, पण ते गहाण टाकता येत नाही आणि येऊही नये. साहजिकच पैसा येतो तो खरेदीदाराच्या अग्रिमातून. गावे वाढली की अग्रिमाचा आकडा वाढतो, आणि अग्रिम मोठे झाले की करारातल्या अटी तो देणारा लिहितो. 2017 च्या हंगामात भाव चढले तेव्हा अनेक ग्रामसभांना वाटले की आता असेच चालेल. 2018 मध्ये ते कोसळले, आणि चढ्या भावाच्या भरवशावर खर्च मांडलेली गावे अडचणीत आली. मोठा व्यवसाय पडत्या भावात जास्त टिकतो हा समज आपल्या बाबतीत खरा नाही, कारण सगळ्या गावांचा माल एकच, हंगाम एकच आणि खरेदीदारही तेच मोजके. एका गावाचे नुकसान दुसऱ्या गावाच्या नफ्यातून भरून निघेल अशी सोय त्यात नसते.

इथे तुमच्या हातात एक साधन आहे आणि त्याची किंमत गावांना पुरेशी कळलेली नाही, असे मला वाटते. ते म्हणजे वाहतूक परवाना, ज्याला आपण सगळे टीपी म्हणतो. करारात हप्ते ठरवा: छाटणीपूर्वी एक, तोडणी सुरू होताना एक, आणि उरलेली रक्कम माल उचलण्यापूर्वी. जितके पैसे खात्यात जमा झाले तितक्याच पोत्यांचा परवाना द्यायचा. पोती एकदा परजिल्ह्यातल्या गोदामात गेली की थकबाकी वसूल करायला वकील लागतो आणि दिवाळी उजाडते. पोती गावच्या ताब्यात असली तर फोन खरेदीदाराकडून येतो. पावसाने किंवा गारपिटीने वाळवणीतला माल भिजला तर नुकसान कोणाचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. फळीवर मोजणी झाली त्या क्षणी माल खरेदीदाराचा झाला की पोत्यात भरल्यावर झाला, या एका वाक्यावरून झालेली भांडणे मी अनेक पाहिली आहेत. बारा गावांनी मिळून एकच करारनामा तयार केला आणि निविदा एकाच दिवशी उघडल्या, तर एवढ्यानेच तुमची ताकद वाढेल. त्यासाठी कंपनी लागत नाही. 2013 च्या सुमारास विदर्भातल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूची विक्री सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे कोणतीही कंपनी नव्हती, ठराव होते आणि एकमेकांवरचा विश्वास होता.

कंपनीबद्दल माझी हरकत काय, ते नीट सांगतो, कारण तुमच्या तरुणांचा उत्साह मला मोलाचा वाटतो आणि त्यांना नुसते "नको" म्हणणे बरोबर नाही. उत्पादक कंपनीत एका सभासदाला एकच मत असते, ही चांगली गोष्ट आहे. पण सभासद व्यक्ती असतात किंवा उत्पादकांच्या संस्था असतात, आणि ग्रामसभा या दोन्ही साच्यांत सरळ बसत नाही. कारभार पाच ते पंधरा संचालकांकडे जातो. वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला एक चतुर्थांश सभासद आले तरी काम चालते आणि महिलांची अट तिथे नाही. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण पाने तोडणाऱ्या बायांच्या दृष्टीने सगळा व्यवहारच त्यात बदलतो. त्यात भर अशी की वनहक्क हस्तांतरित करता येत नाहीत. म्हणजे कंपनीने जंगलाच्या उत्पादनावर कर्ज काढले, तर ज्याच्या भरवशावर कर्ज काढले ते तिचे नाहीच. उद्या कंपनी बुडाली तर जंगल वाचेल हे खरे, पण गावाची पत जाईल, आणि ती पुन्हा उभी करायला किती वर्षे लागतात हे सहकारी संस्था बुडालेल्या कोणत्याही गावात जाऊन विचारावे.

कंपनी काढायचीच झाली तर तिला ग्रामसभांची नोकर म्हणून ठेवा. दरवर्षी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून विक्रीचे काम तिला एका हंगामापुरते द्यावे, सेवाशुल्क ठरवावे, आणि ठराव झाला नाही तर कंपनीने त्या गावच्या मालाला हात लावू नये. किती तोडायचे, कुठे तोडायचे, कोणता भाग दोन वर्षे मोकळा ठेवायचा आणि नफा कसा वाटायचा, हे चार विषय कंपनीच्या नियमावलीत येताच कामा नयेत. भावाची माहिती, निविदा, हिशेबनीस, कर आणि कोर्टकचेरी हे वर न्यावे. कोरची तालुक्यात 90 च्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, तिच्याकडे पाहिले तर हीच वाटणी दिसते: गावाचा निर्णय गावात आणि गावाला एकट्याने न झेपणारे काम महाग्रामसभेत. खाणीला विरोध करण्यासारखे प्रश्नही त्याच एकजुटीतून हाताळले गेले, हे विसरू नये. ज्या जंगलावर धंदा उभा आहे ते राहणार की नाही, हा धंद्याचाच प्रश्न आहे.

करांबाबत थोडक्यात लिहितो. तेंदूपानावर 2017 मध्ये 18 टक्के जीएसटी लागला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. दर कमी झाला ही दिलाशाची गोष्ट आहे, परंतु करव्यवस्थेच्या डोळ्यांसमोर विक्रेता म्हणजे व्यापारी किंवा शेतकरी असतो; ग्रामसभा या दोन्हींपैकी कोणीच नाही, आणि त्यामुळे वेगवेगळ्या सल्लागारांकडून वेगवेगळी उत्तरे मिळतात. ग्रामसभेच्या नावाचा पॅन, स्वतंत्र बँक खाते आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण एवढे तरी विस्तारापूर्वी प्रत्येक गावात पूर्ण हवे. बारांपैकी तीन गावांचे कागद अपुरे असतील तर नोटीस बाराही गावांना त्रास देते.

यंत्रांविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथे आहे. बांबूच्या रांजीतून (बेटातून) कोवळे कोंब आणि चालू वर्षाचे बांबू राखून फक्त पक्व बांबू काढायचे, ठरावीक वर्षांनीच त्या भागात परत यायचे, हे तुमच्या गावाला शिकवावे लागत नाही. कागद गिरणीच्या ठेक्यांच्या काळात रांजी कशा ओरबाडल्या गेल्या ते तुमच्या म्हाताऱ्यांनी पाहिले आहे. यंत्राला मात्र हे माहीत नसते. यंत्राचा हप्ता दर महिन्याला येतो, कामगाराला दररोज काम लागते, आणि एखाद्या वर्षी रांजींना विश्रांती द्यायची वेळ आली तर ग्रामसभेसमोर प्रश्न असा येतो की जंगल थांबवायचे की यंत्र. महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. 1950 मध्ये प्रवरानगरला सुरू झालेला सहकारी साखर कारखाना ही शेतकऱ्यांनी सावकारशाहीला दिलेली थोर झुंज होती, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण पुढे राज्यभर कारखाने वाढत गेले तशी गाळपक्षमता ऊस मागू लागली, ऊस पाणी मागू लागला, आणि अवर्षणप्रवण तालुक्यांतही तेच पीक घट्ट बसले. तिथे पाण्याने जे भोगले ते इथे बांबूच्या वाट्याला यायला नको. म्हणून यंत्र घ्यायचेच तर जंगलातून सर्वांत कमी बांबू निघेल अशा वर्षाचा आकडा धरून घ्या; चांगल्या वर्षाचा आकडा संस्थेच्या प्रस्तावात शोभतो, पण हप्ते वाईट वर्षातही भरावे लागतात.

याच ओघात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय तुमच्या ग्रामसभेत चर्चेला घ्यावा असे मी सुचवीन. 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूवर भर दिला आणि तेंदूची तोडणी थांबवली, कारण तेंदूसाठी झुडपे छाटली जातात आणि नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात. हातातले रोख उत्पन्न सोडणे सोपे नसते. तुम्ही तसेच करावे असे माझे म्हणणे नाही. तुमच्या घरांचे वर्षाचे निम्मे रोख उत्पन्न तेंदूतून येत असेल तर ते एकाएकी बंद करणे अन्यायाचे होईल. पण तेंदूपान शेवटी बिडीत जाते, हे आपण किती दिवस बाजूला ठेवणार? बिडी वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या गरिबांच्या फुप्फुसांवर जे बेतते ते आपल्याला माहीत आहे, आणि ज्या मालाविरुद्ध सरकारचे आरोग्य धोरणच उभे आहे त्याच्यावर पुढच्या वीस वर्षांची आखणी करणे धंदा म्हणूनही कच्चे आहे. वाढीचा पैसा तेंदूचे प्रमाण वाढवण्यात घालू नका. मोह, चारोळी, हिरडा यांकडे तो वळवा. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने ओसाड झालेल्या जंगलाची राखण करून सीताफळाची विक्री उभी केली, ती गोष्ट लहान क्षेत्राची असली तरी शिकण्यासारखी आहे. तिथे जंगल आधी वाढले आणि त्यानंतर माल वाढला.

माणसांबद्दल एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला मनापासून बोचते. प्रत्येक यशस्वी ग्रामसभेमागे एखादा तरुण सचिव असतो, तुमच्याकडे तो बहुधा तुम्हीच आहात. हंगामात तो रात्री दोनपर्यंत कार्डे जुळवतो, दिवसा बँकेत उभा राहतो, खरेदीदाराचा, वनरक्षकाचा आणि भाऊबंदांचा फोन त्यालाच येतो, आणि या सगळ्याबद्दल त्याला मिळते ते एका मजुराच्या हंगामापेक्षा कमी. तीन-चार वर्षांत तो थकतो, शहरात जातो किंवा ठेकेदाराचा दिवाणजी होतो; आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. व्यवसाय बारा गावांचा करण्याआधी प्रत्येक गावात हिशेब ठेवू शकणारी किमान तीन माणसे तयार करा, त्यांत दोन बाया असू द्या, आणि त्यांचे मानधन बोनस वाटण्यापूर्वी काढून ठेवण्याचा ठराव करा. बाया का, तर पुडे त्यांनी बांधलेले असतात, शेकड्याचा आकडा त्यांच्या तोंडी असतो, आणि त्या गाव सोडून सहसा जात नाहीत. एका गावात सहावी शिकलेल्या एका बाईने पुरुषांच्या समितीने मंजूर केलेल्या हिशेबातली 40 शेकड्यांची तूट फक्त ऐकून पकडली होती. तिच्या कार्डावर जे होते ते वहीत नव्हते, आणि तिने शेजारच्या चार जणींची कार्डे तिथल्या तिथे मागवून तपासली.

मदत करणाऱ्या संस्थेचा हेतू चांगला असेलच, पण तिच्या प्रकल्पाला मुदत असते आणि निधी देणाऱ्याला मार्चअखेर कंपनीच्या नोंदणीचा दाखला हवा असतो. तुमच्या गावांची तयारी त्या मुदतीत बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. संस्थेकडून यंत्राऐवजी हिशेबनिसांचे प्रशिक्षण, गोदामाचे भाडे आणि पहिल्या छाटणीच्या मजुरीपुरता फिरता निधी मागा. छाटणीचा पैसा स्वतःचा असला की अग्रिमाशिवाय निविदा काढता येते आणि भाव तिथेच बदलतो.

येत्या जानेवारीत बाराही गावांची एक बैठक घ्या आणि तिच्यात फक्त तीन ठराव करा: सर्वांचा एकच करारनामा, निविदा उघडण्याची एकच तारीख, आणि पैसे जमा झाल्याशिवाय टीपी नाही. असे दोन हंगाम जाऊ द्या. त्यांपैकी एक तरी हंगाम भाव पडलेला निघाला आणि बाराही गावे तरी एकत्र राहिली, तर कंपनीचा मसुदा घेऊन बसू. मी स्वतः येईन. मसुद्यावर बोलण्याआधी त्या दोन वर्षांच्या गावागावांतल्या मूळ वह्या मला पाहायच्या आहेत, संगणकावरचा गोषवारा नको.